चंदीगडचं हायकोर्ट बघायला जाताना

बडोद्यातल्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न असा: मार्चमध्ये चंदीगडला जायचं ठरलंय. वडील निवृत्त वकील, सगळी वकिली बडोद्याच्या न्यायमंदिर या जुन्या कोर्टात गेली. त्यांना ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच आर्किटेक्टचं हायकोर्ट बघायचंय. आईचं म्हणणं, 'रंगसुद्धा न लावलेल्या काँक्रीटमध्ये बघायचं काय?' लेकीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. आत जाऊ देतात का? बघायचं कसं? आणि ही इमारत 'उत्तम जपलेली' आहे असं सगळे म्हणतात ते कशावरून? मी आर्किटेक्ट आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त बोलेन.

आधी व्यवहाराचं. हायकोर्ट सेक्टर 1 मध्ये, कॅपिटॉल कॉम्प्लेक्सच्या आवारात आहे. विधानसभा आणि सचिवालय तिथेच. चंदीगडचं पर्यटन खातं या आवाराची मार्गदर्शकासह फेरी काढतं. दिवसातून ठरावीक वेळा असते, पैसे पडत नाहीत, पण प्रत्येकाचं सरकारी ओळखपत्र लागतं. वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून घ्यावा. एकट्याने भटकता येत नाही. पंजाबातल्या अशांततेच्या वर्षांत इथे बंदोबस्त आला आणि 1995 मध्ये सचिवालयाच्या दारात मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची बॉम्बस्फोटात हत्या झाल्यावर तो कायमचाच झाला. मूळ कल्पनेत या इमारतींमधला चौक लोकांनी आरपार चालत जावा असा होता. आज मधेच कुंपण आडवं येतं, बंदूकधारी जवान दिसतात. ते बघून हिरमुसू नका.

या फेरीत हायकोर्ट बाहेरून, जवळून दिसतं. खटले चालू असलेल्या दालनांत पर्यटकांच्या गटाला नेत नाहीत. कामकाज बघायचंच असेल तर चालू दिवशी फाटकावर प्रवेशपास घ्यावा लागतो, आणि तो देणं न देणं तिथल्या व्यवस्थेच्या हातात. वडिलांनी बार कौन्सिलचं ओळखपत्र बरोबर ठेवावं. त्याने दार उघडेलच असं नाही, पण वकिलाशी फाटकावरचं बोलणं जरा वेगळ्या सुरात होतं हे त्यांना मी सांगायला नको. आत फोटो काढायचे नाहीत.

दिवस कुठला निवडायचा? माझं स्पष्ट मत: कोर्टाचा चालू दिवस. पुष्कळजण सुटी बघून जातात, म्हणजे गर्दी नसते आणि फोटो चांगले येतात. पण बंद कोर्ट म्हणजे नुसता सांगाडा. काळे कोट, बगलेत फायली घेऊन पळणारे कारकून, कोपऱ्यात उकिडवे बसलेले पक्षकार हे सगळं असतानाच या इमारतीचं माप कळतं. शनिवार-रविवार टाळा. जूनमध्ये हायकोर्टाला उन्हाळी सुटी असते, आणि तिथल्या जूनमध्ये तसंही कोणी जाऊ नये.

मार्च निवडलात ते बरं केलंत, त्याचं कारण उन्हात आहे. हायकोर्टाचं तोंड वायव्येला आहे. म्हणजे सकाळभर दर्शनी बाजू स्वतःच्याच सावलीत असते, करडी आणि सपाट दिसते. सकाळची फेरी करून आलेले लोक 'ठीक आहे' म्हणतात ते त्यामुळेच. मार्चमध्ये दुपारी दोन-अडीचनंतर सूर्य कलला की ऊन या बाजूला तिरपं घासून जायला लागतं, आणि मग आडव्या-उभ्या फळ्यांची खोली, काँक्रीटवरचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. दुपारचीच फेरी घ्या. डिसेंबरात हेच ऊन बरंच उशिरा येतं.

आता बघायचं कसं. थोडा इतिहास माहीत असला की बरं. फाळणीत लाहोर गेलं, त्याबरोबर पंजाबचं हायकोर्टही गेलं. पूर्व पंजाबचं नवं न्यायालय काही वर्षं सिमल्याच्या पीटरहॉफ या जुन्या लाटसाहेबी बंगल्यात चाललं. नव्या राजधानीचं काम 1951 मध्ये ल कॉर्बुझिएकडे आलं. बरोबर त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य. कॅपिटॉलमधल्या मोठ्या इमारतींपैकी सगळ्यात आधी उभं राहिलं ते हायकोर्ट. 1955 च्या जानेवारीत न्यायालय सिमल्याहून उतरलं आणि 19 मार्च 1955 ला नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. या कामावरच्या भारतीय आर्किटेक्टांची नावं फारशी कोणी घेत नाही. युली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, एम. एन. शर्मा, आणि आपल्याकडचे म्हणावेत असे प्रभावळकर व देठे. मार्गदर्शकाला एकदा विचारून बघा. बहुतेक मार्गदर्शक कॉर्बुझिएवरच थांबतात.

समोर पोचलात की लगेच मोबाइल काढू नका. आधी छप्पर बघा. हायकोर्टाला दोन छपरं आहेत. खालचं छप्पर खोल्यांचं. त्याच्या वर, मधे मोकळी जागा सोडून, कमानींच्या ओळीवर पेललेलं दुसरं छप्पर इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलंय. ऊन आणि पाऊस वरचं छप्पर अंगावर घेतं, आणि दोन्हींमधून वारा खेळतो. जुन्या वाड्यात कौलं आणि खोलीचं तक्तपोशी छत यांच्यामध्ये माळा असायचा आणि म्हणून खालची खोली गार राहायची, तेच तत्त्व. फरक एवढाच की इथे माळा उघडा टाकलाय आणि तोच इमारतीचा चेहरा झालाय. दिल्लीच्या लाल किल्ल्यातला दिवाण-ए-आम बघितला असेल तर हा चेहरा ओळखीचा वाटेल: एका मोठ्या छताखाली, तिन्ही बाजूंनी मोकळ्या जागेत बसून न्याय ऐकणं.

मग नजर खाली आणा. लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन प्रचंड भिंतवजा खांबांची देवडी दिसेल. ती मधोमध नाही, एका बाजूला सरकलेली आहे. घाईत बघणाऱ्याला तो आर्किटेक्टचा लहरीपणा वाटतो. खरं कारण इमारतीच्या पोटात आहे. देवडीच्या एका बाजूला मुख्य न्यायमूर्तींचं एकच मोठं दालन आहे आणि दुसऱ्या बाजूला आठ लहान दालनं ओळीने. एक आणि आठ यांच्या मधे दार ठेवलं तर ते मध्यावर येणार नाही. आतली मांडणी बाहेर जशीच्या तशी सांगून टाकायची, सममिती दाखवायला खोटी खिडकी काढायची नाही, हा त्या पिढीचा हट्ट होता. वडिलांना बाहेर उभं करून विचारा, मुख्य न्यायमूर्तींचं दालन कुठलं. न सांगता ओळखतील.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तुमच्या वडिलांइतकी ती दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. कोर्टाच्या इमारतीत सगळ्यात कठीण काम असतं वाटांचं. न्यायाधीश आपल्या चेंबरमधून आसनापर्यंत येतात ती एक वाट. पक्षकार, वकील, साक्षीदार येतात ती दुसरी. कोठडीतल्या आरोपीला आणायची तिसरी. या एकमेकींत मिसळल्या की दबाव येतो, धाक येतो, नको ती कुजबूज होते. दालन कितीही देखणं असो, वाटा चुकल्या की कोर्ट चुकलं. चंदीगडला ती आठ आणि एक दालनं थेट चौकाकडे उघडतात. प्रत्येकाला समोरून स्वतःचं दार, म्हणजे गावाकडून आलेला माणूस लांबलचक बोळांत न हरवता आपल्या खटल्याच्या दारात पोचतो. न्यायमूर्ती मागच्या बाजूने येतात. वरच्या मजल्यांवर कचेऱ्या, ग्रंथालय, आणि तिथे नेणारा उतार म्हणजे रॅम्प त्या रंगीत खांबांच्या मागे, उघड्यावर. त्या रॅम्पवरून चढणारी-उतरणारी माणसं खालून दिसतात आणि ती देवडी दिवसभर हलती राहते.

याची तुलना करायला तुमच्याकडे उत्तम वस्तू घरीच आहे. बडोद्याचं न्यायमंदिर 1896 चं, रॉबर्ट चिझमचं. ते मुळात मंडईसाठी बांधलं आणि मग कोर्टाला दिलं. म्हणजे आधी भव्य दालन तयार होतं, कोर्टाच्या वाटा त्यात नंतर बसवाव्या लागल्या. वडिलांना निघण्यापूर्वी एक संध्याकाळ सुरसागरच्या काठावर घेऊन बसा आणि विचारा: न्यायाधीश कुठून यायचे, आरोपीला कुठून आणायचे, साक्षीदाराला कुठे बसवायचे, उलटतपासणीपूर्वी समोरच्याचा माणूस जिन्यात गाठायचा का? मला खात्री आहे की तुम्हाला अर्धा तास पुरणार नाही. ती माहिती डोक्यात घेऊन चंदीगडला उभं राहिलात की कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त दिसेल. न्यायालयं आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेली आहेत, तिथेही हाच प्रश्न विचारून बघता येईल. उत्तर काय येईल त्यावर मी इथे बोलत नाही.

दर्शनी बाजूवरची ती काँक्रीटची जाळी म्हणजे ब्रीझ-सोले, ऊन अडवायची योजना. खोल उभ्या पाट्या आणि त्यांमध्ये आडव्या फळ्या. वरून येणारं ऊन आडव्या फळ्या अडवतात, बाजूने येणारं उभ्या. छायाचित्रांत हे फार देखणं दिसतं, म्हणून त्याच्या मर्यादा कोणी सांगत नाही. पहिली: वायव्येकडे तोंड असलेल्या भिंतीवर जूनमधलं मावळतीचं ऊन अगदी आडवं, जवळजवळ समोरून येतं, आणि ते फळ्यांच्या मधून सरळ आत शिरतं. दुसरी: एवढं जाड काँक्रीट दिवसभर तापतं आणि संध्याकाळी ती ऊब परत सोडत बसतं. एवढ्या सावलीतही मागच्या काचांपाशी उकडतं ते त्यामुळे. कल्पना चुकीची होती असं मी म्हणणार नाही, आपल्या छज्जाचंच ते थोरलं भावंड. पण 'हवामानाशी एकरूप वास्तू' वगैरे वाचून गेलात तर फसाल.

आता आईच्या प्रश्नाकडे. काँक्रीटमध्ये बघायचं काय? आईंना हात लावता येईल इतक्या जवळ न्या. ओलं काँक्रीट ज्या साच्यात ओततात त्या शटरिंगचा ठसा त्यावर कायमचा उमटतो. साचा लाकडी फळ्यांचा असेल तर फळीची रुंदी, तिच्यातली गाठ, लाकडाची रेषा, दोन फळ्यांच्या फटीतून गळून आलेल्या सिमेंटच्या पाण्याची बारीक धार, सगळं दिसतं. साचा पत्र्याचा असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत आणि पत्र्यांच्या जोडाची रेषा ठसठशीत. एका दिवशी किती उंचीपर्यंत ओतलं आणि दुसऱ्या दिवशी कुठून सुरू केलं तो सांधाही वाचता येतो. कुठे खडी उघडी पडून जाळी झालेली दिसेल, आमच्यातले लोक त्याला हनीकोंब म्हणतात. गिलावा केला असता तर हे सगळं झाकलं गेलं असतं. त्या काळात मोठी यंत्रं नव्हती. घमेलं डोक्यावर घेऊन उतारावरून चढणाऱ्या बायका आणि सुतार यांच्या हातांनी हे झालंय. गिलावा न करता ते तसंच ठेवायचं हा कॉर्बुझिएचा निर्णय होता. आवडेलच असं नाही. पण 'काही नाही' असं तर नक्कीच नाही.

दालनांच्या आत पाय टाकायला मिळाला तर न्यायमूर्तींच्या मागची भिंत बघा. तिथे लोकरीचे, हाताने विणलेले प्रचंड पडदे आहेत, रेखाटन खुद्द कॉर्बुझिएचं. लहान दालनांतला प्रत्येक 64 चौरस मीटरचा, मुख्य न्यायमूर्तींच्या दालनातला 144 चौरस मीटरचा. सूर्य, ढग, वीज, तराजू अशा खुणा त्यावर आहेत आणि मार्गदर्शक त्यांचे अर्थ सांगत बसतात. मला त्यांचा दुसरा उपयोग जास्त पटतो. उंच छताच्या काँक्रीटच्या खोलीत आवाज घुमतो, एक वाक्य दुसऱ्यावर चढतं. साक्ष नीट ऐकू आली नाही तर न्याय कसला? जाड लोकर तो आवाज पिते. म्हणजे ही शोभेची वस्तू नाही, कोर्टाचं अवजार आहे. सुरुवातीला काही न्यायमूर्तींना ती चित्रं रुचली नव्हती, न्यायासनाच्या मागे हे काय असं त्यांना वाटलं. वडील कोणाची बाजू घेतात ते मला ऐकायला आवडेल.

आतल्या लाकडी खुर्च्यांवरही नजर असू द्या. इंग्रजी व्ही उलटा ठेवावा तसे पाय असलेल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या पिएर जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या शहरासाठी बनवल्या. अनेक वर्षं त्या मोडक्या म्हणून कचेऱ्यांच्या गच्च्यांवर पडलेल्या होत्या, भंगारात लिलाव होत होते. मग परदेशातल्या लिलावगृहांत त्या लाखो रुपयांना जायला लागल्या आणि आपल्याकडे जाग आली. 2011 मध्ये केंद्रीय गृहखात्याने त्यांची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढला. जतनाचं आपलं धोरण पुष्कळदा असंच ठरतं, बाहेरच्याने किंमत सांगितल्यावर.

तर मग 'उत्तम जपलेली' आहे का? 2016 मध्ये कॅपिटॉल कॉम्प्लेक्स युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या 17 कामांचा तो एकत्रित समावेश होता. लोक तो शिक्का म्हणजे तब्येतीचं प्रमाणपत्र समजतात. तसं नसतं. तब्येत बघायची तर तुम्हीही बघू शकता.

काँक्रीटवर दोन प्रकारचे डाग दिसतात. काळे ओघळ पावसाच्या पाण्याचे आणि शेवाळाचे. ते दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा वरवरचे असतात. तपकिरी, गंजाच्या रंगाचा डाग आणि त्याला समांतर बारीक भेग दिसली तर मात्र आत सळई गंजतेय. कारण असं. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्या वातावरणात लोखंडाला गंज चढत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो, अल्कता उतरत जाते, आणि ती उतरण सळईपर्यंत पोचली की संरक्षण संपतं. गंजलेलं लोखंड मूळच्या दोन ते सहा पट जागा मागतं, मग वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. त्या काळात सळईवर काँक्रीटचं आवरण पातळच ठेवायची रीत होती, त्यामुळे जगभरातल्या 1950 च्या आसपासच्या इमारतींना हा आजार आहे. आम्ही ताज्या फोडलेल्या भागावर फेनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन शिंपडतो. गुलाबी झालं तर तिथलं काँक्रीट अजून शाबूत, रंग आला नाही तर कार्बन डायऑक्साइड मुरलाय असं समजायचं.

यापेक्षा मोठा धोका म्हणजे दुरुस्ती. ढलपी पडली की ठेकेदार तिथे नवं सिमेंट थोपतो. ते गर्द करडं ठिगळ लांबून दिसतं. ते खटकतं म्हणून कोणी सगळ्याच भिंतीला सिमेंट रंग फासतो. झालं, फळ्यांचे ठसे गेले, इमारत गेली. नीट काम करायचं तर मूळ वाळू, खडी, सिमेंटची छटा जुळवून नमुने ओतावे लागतात, त्यावर तसल्याच फळीचा ठसा उठवावा लागतो, आणि किमान एक पावसाळा जाऊ देऊन मग कुठला नमुना घ्यायचा ते ठरवावं लागतं. हे ऐकून ठेकेदाराचा चेहरा कसा होतो ते बघण्यासारखं असतं. सरकारी निविदेत 'एक पावसाळा थांबा' ही बाब बसवणं, खरं सांगते, केमिस्ट्रीपेक्षा अवघड. फिरताना अशी ठिगळं शोधा. जिथे ठिगळ शोधूनही सापडत नाही तिथे कोणीतरी जीव ओतून काम केलेलं असतं.

पण जतन म्हणजे नुसतं काँक्रीट नाही, आणि इथे माझं मत अनेक व्यवसायबंधूंपेक्षा वेगळं आहे. ही इमारत नऊ दालनांसाठी काढली. 1966 मध्ये हरियाणा वेगळं झालं आणि न्यायालय दोन राज्यांचं व चंदीगडचं मिळून एक राहिलं. आज इथे न्यायमूर्तींची मंजूर पदं 85 आहेत. नऊ दालनं आणि 85 न्यायमूर्ती! मागे एकामागून एक जोड-इमारती उठल्या, झाडाखाली, रस्त्याकडेला गाड्याच गाड्या. हे सगळं फोटोच्या चौकटीबाहेर ठेवून 'जशीच्या तशी' म्हणणं सोपं आहे. मी तुम्हाला मुद्दाम मागच्या बाजूचं विचारायला सांगेन. पुढचा चेहरा मोकळा राहिला तो मागच्या गर्दीच्या जिवावर.

त्यातूनच व्हरांड्याचा वाद झाला. क्रमांक 2 ते 9 च्या दालनांसमोर आच्छादित व्हरांडा आहे, मुख्य न्यायमूर्तींच्या क्रमांक 1 समोर नव्हता. वकील आणि पक्षकार उन्हापावसात उभे. हायकोर्टाने तिथेही व्हरांडा बांधायचा आदेश दिला. चंदीगड प्रशासनाने जागतिक वारशाचं कारण पुढे करून हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2025 मध्ये व्हरांड्याच्या बाजूने निकाल लागला. वास्तुविशारदांमध्ये त्यावर बरीच हळहळ झाली. मला त्यात काही भयंकर वाटलं नाही. कोर्टासमोर ताटकळणारा माणूस ओला होणार नाही ही मागणी कॉर्बुझिएच्या त्या थोरल्या छपराच्या विरोधात कशी जाईल? अट एकच: जे जोडाल ते मूळ भिंतीत न घुसता उभं राहावं, उद्या काढलं तर मागे खूण राहू नये, आणि ते मूळचं असल्याचं सोंग त्याने आणू नये. तुम्ही जाल तेव्हा तिथे काय दिसतं ते या तीन कसोट्यांवर घासून बघा. वडिलांना निकालपत्र वाचायला द्या, प्रवासात वेळ बरा जाईल.

अजून बघायचं असेल तर चंदीगडलाच दोन ठिकाणं. सेक्टर 19 मधलं ल कॉर्बुझिए सेंटर म्हणजे त्या मंडळींचं मूळ कार्यालय. साधी बैठी इमारत, आत नकाशे, पत्रं आणि त्याच खुर्च्या. हायकोर्टाआधी तिथे गेलात तर उत्तम. सेक्टर 10 मधलं वास्तुकलेचं संग्रहालयही तिथून फार लांब नाही. वेळ कमी असेल तर पहिलं धरा, दुसरं सोडा. कॅपिटॉलच्या फेरीत विधानसभेचं एनॅमलचा मुलामा दिलेलं रंगीत दार दाखवायला मिळतंय का तेही विचारा. मिळालं तर नशीब.

निघण्यापूर्वी बडोद्यातच एक सराव करता येईल. बाळकृष्ण दोशी पुण्याचे, पॅरिसला कॉर्बुझिएच्या कार्यालयात काम करून आलेले. त्यांनी 1960 च्या दशकात फर्टिलायझरनगरची वसाहत बांधली. तिथे राहणारं कोणी ओळखीचं असेलच, आपल्या गावात ते असतंच. त्यांच्याकडे चहाला जा आणि गच्चीवर, जिन्यात, खिडकीच्या वरच्या छज्जात काँक्रीट कसं वापरलंय ते बघा. मोठ्या माणसाचं काम आपल्या मापात, रोजच्या धुण्याभांड्यात कसं उतरतं ते कळतं.

परतीच्या वाटेवर दिल्लीत थांबणार असाल तर तो मुक्काम शनिवारी पाडा. सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शकासह फेरी शनिवारी असते, नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, आणि सुटीचे शनिवार वगळतात. ती इमारत गणेश भिकाजी देवळालीकरांची. केंद्रीय बांधकाम खात्याचे ते पहिले भारतीय प्रमुख. 1958 मध्ये, म्हणजे चंदीगडच्या हायकोर्टानंतर अवघ्या तीन वर्षांनी, ती वापरात आली आणि तिच्यात घुमट आहे, खांबांची रांग आहे, लाल-पांढऱ्या दगडाचा थाट आहे. आराखडा तराजूच्या आकाराचा. मधली दांडी आणि दोन्हीकडे पारडी. चंदीगडला तराजू विणलेल्या पडद्यावर भेटतो, इथे जमिनीवर आखलेला. आईंना ही इमारत बहुतेक जास्त आवडेल. वडिलांचं सांगता येत नाही. आवारात शिरताना पाण्याच्या बाटलीपासून सगळ्याची झडती होते, म्हणून बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्येच ठेवून जा.